यवतमाळच्या उन्हात आजारी प्रवाळ

यवतमाळहून पश्चिमेला सरळ रेघ ओढली तर अरबी समुद्र साधारण साडेपाचशे किलोमीटरवर लागतो. आग्नेयेला ओढली तर बंगालचा उपसागरही जवळपास तेवढ्याच अंतरावर. दोन्ही समुद्रांना सारखाच परका असलेला हा जिल्हा. इथे कुणी हौसेने घरात खाऱ्या पाण्याचा टँक मांडला आणि त्यात प्रवाळ ठेवला, तर मिठापासून लाटांपर्यंत सगळा समुद्र त्याला स्वतः उभा करावा लागतो. मग एप्रिलमधल्या एखाद्या सकाळी तो प्रवाळ आक्रसून, फिकट पडून बसलेला दिसतो आणि दुकानदाराला फोन जातो : कोणतं औषध टाकू?

बहुतेक वेळा खरं उत्तर असतं, काहीच टाकू नका. आधी पाणी मोजा.

हे उत्तर का, ते कळायला प्रवाळ आजारी पडतो म्हणजे काय होतं हे पाहावं लागतं. प्रवाळ दिसतो दगडासारखा, वाढतो झाडासारखा, पण आहे प्राणी. तोंडाभोवती बारीक शुंडकं असलेल्या इवल्या पिशव्या, म्हणजे पॉलिप, एकमेकींना चिकटून वसाहत करतात. त्यांच्या पेशींच्या आत झूझँथेली नावाचं एकपेशीय शैवाल राहतं. चौरस सेंटिमीटरला दहा लाखांच्या घरात. हे शैवाल उजेडात साखर बनवतं आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देतं. काही प्रवाळांची नव्वद टक्क्यांपर्यंत गरज या साखरेवर भागते. पाणी सोसण्यापलीकडे तापलं आणि वर कडक उजेड असला की शैवालाचं प्रकाशसंश्लेषण बिघडतं, पेशींना इजा करणारी ऑक्सिजनची घातक रूपं साचू लागतात आणि प्रवाळ आपल्या या भाडेकरूला बाहेर काढतो. रंग शैवालाचा होता. तो गेला की पांढरेपणा उरतो.

पांढरा पडलेला प्रवाळ मेलेला नसतो, तो उपाशी असतो. काही दिवस, कधी काही आठवडे त्याच्या हातात असतात. समुद्रात यासाठी एक ठोकळ हिशेब वापरतात : त्या जागी सर्वांत उष्ण महिन्यात जे नेहमीचं तापमान असतं, त्याहून एक अंश जास्त ऊब चार आठवडे टिकली तर प्रवाळ पांढरे पडू लागतात, आठ आठवडे टिकली तर मरू लागतात. फक्त एक अंश. १९९८, २०१० आणि २०१४ ते २०१७ अशा तीन जागतिक लाटा येऊन गेल्या; २०२३ मध्ये सुरू झालेली चौथी लाट अमेरिकेच्या ‘नोआ’ या संस्थेने एप्रिल २०२४ मध्ये जाहीर केली.

महाराष्ट्राला हे प्रकरण दूरचं नाही. मालवणच्या सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या उथळ पाण्यात जिवंत प्रवाळ आहेत. पश्चिम किनाऱ्यावर ठिकठिकाणी असे प्रवाळ असल्याची नोंद गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या कासिम आणि वाफर यांनी १९७९ मध्ये केली होती. मालवणच्या २९.१२ चौरस किलोमीटर क्षेत्राला १९८७ मध्ये सागरी अभयारण्याचा दर्जा मिळाला. तिथले प्रवाळ उन्हाळ्यात पांढरे पडल्याच्या नोंदी गेल्या दशकात झाल्या, आणि स्नॉर्केलिंग करणाऱ्यांच्या लाथांनी, नांगरांनी ते मोडतात हेही याच संस्थेच्या संशोधकांनी अभ्यासून मांडलं.

मुंबईतली गोष्ट आणखी बोलकी आहे. किनारी रस्त्याच्या आड वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरचे प्रवाळ आले. सारे मिळून अर्धा चौरस मीटरही न भरणारे, कुणाच्या लक्षातही न येणारे छोटे प्रवाळ. कायद्याचं संरक्षण असल्यामुळे वनविभागाची परवानगी काढून, समुद्रविज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली २०२० च्या अखेरीस १८ वसाहती दुसरीकडे हलवण्यात आल्या. अशा कामात प्रवाळाला कोणी औषध पाजत नाही. जिथे गढूळपणा, तापमान, प्रवाह आणि उजेड मूळ जागेसारखे असतील अशी जागा शोधायची, तिथे त्याला घट्ट बसवायचं आणि मग पाहत राहायचं. मन्नारच्या आखातात तुतिकोरिनची सुगंती देवदासन सागरी संशोधन संस्था गेली वीसेक वर्षं प्रवाळाचे तुकडे लावते आहे, तिथेही कामाचा गाभा हाच. तब्येत सुधारतो तो प्रवाळ स्वतः. माणूस फक्त त्याच्या भोवतालची परिस्थिती राखतो.

टँकमध्ये ती परिस्थिती राखायची तर आकडे माहीत हवेत. पाण्याचं तापमान २५ ते २७ अंश. क्षारता लिटरला सुमारे ३५ ग्रॅम, म्हणजे हायड्रोमीटरवर १.०२५ ते १.०२६. अल्कलिनिटी ८ ते ९ जर्मन अंश, कॅल्शियम लिटरला ४०० ते ४५० मिलिग्रॅम, मॅग्नेशियम १,२५० ते १,३५०. नायट्रेट ५-१० मिलिग्रॅमच्या आत, पण शून्य नको. हा शेवटचा मुद्दा नवख्यांना पटत नाही. पाणी जितकं स्वच्छ तितकं चांगलं असं समजून ते नायट्रेट-फॉस्फेट पार पुसून टाकतात आणि आधीच उपाशी असलेल्या प्रवाळाच्या तोंडचा घास काढून घेतात.

आकड्यांपेक्षाही महत्त्वाचं आहे ते त्यांचं स्थिर राहणं. अल्कलिनिटी ७ असेल आणि महिनोन्‌महिने ७ च राहत असेल तर प्रवाळ खुशाल जगतो. आज ७, उद्या १० झाली तर जगणार नाही. म्हणून दुरुस्तीही सावकाश करायची. अल्कलिनिटी दिवसाला एक अंशापेक्षा जास्त हलवू नये, तापमान दिवसाला एका अंशापेक्षा जास्त उतरवू नये. घाबरून बर्फाच्या पिशव्या टाकणारे हात प्रवाळाला दुसरा धक्का देतात.

आता यवतमाळचा उन्हाळा. मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो, बंद घरात दुपारी ३६-३८ सहज असतात आणि टँकचे दिवे, पंप त्यात आपली भर घालतात. चिलर महाग आणि वीज खाणारा. पण विदर्भाच्या उन्हाळ्याला एक गुण आहे : हवा कोरडी असते. ज्या तत्त्वावर वाळ्याच्या ताट्या आणि कूलर चालतात तेच तत्त्व टँकवर लावता येतं. पाण्याच्या पृष्ठभागावर तिरपा वारा मारणारा छोटा पंखा ठेवला की पाणी उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता लागते. शंभर लिटर पाणी एक अंशाने थंड करायला सुमारे ४१८. म्हणजे बाहेरून उष्णता आली नाही असं धरलं, तर एक लिटर उडून जाताना शंभर लिटरचा टँक पावणेसहा अंशांनी उतरेल. प्रत्यक्षात खोलीतून उष्णता येतच राहते, तरी पंख्याने तीन-चार अंशांचा फरक सहज पडतो.

याची दुसरी बाजू दोन ठिकाणी बोचते. उडतं ते फक्त पाणी, मीठ मागे राहतं. शंभर लिटरच्या टँकमधून दिवसाला दोन लिटर गेले तर ३५ ची क्षारता संध्याकाळी ३५.७ होते आणि तीन दिवस लक्ष दिलं नाही तर ३७ च्या वर. तेव्हा गेलेलं पाणी रोज, शक्य तर दिवसातून दोनदा, गोड्या पाण्याने भरून काढायचं. खाऱ्या पाण्याने मुळीच नाही. दुसरं म्हणजे मृग लागला की हा उपाय लंगडा पडतो. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत कूलर जसा नुसता ओलावा फेकतो, तसा हा पंखाही. त्या दोन महिन्यांत दिव्यांचे तास कमी करणं, टँक उत्तर बाजूच्या खोलीत असणं, झाकण काढून ठेवणं यांचाच आधार. टँक घेतानाच तो कोणत्या भिंतीला ठेवायचा याचा विचार करावा. पश्चिमेची तापलेली भिंत रात्री दहापर्यंत उष्णता सोडत असते.

भारनियमनात वीज गेली की आधी ऑक्सिजन संपतो, तापमान नंतर चढतं. पंप थांबला की पाणी हलत नाही, आणि रात्री शैवालही ऑक्सिजन बनवत नसतं. बॅटरीवर चालणारा छोटा हवेचा पंप, किंवा इन्व्हर्टरवर फक्त एक प्रवाहाचा पंप एवढं असलं तरी काही तास निभावतात. हीटर-दिवे इन्व्हर्टरवर टाकू नयेत.

पाण्याचा प्रश्न उन्हाइतकाच मोठा. जिल्ह्याच्या पांढरकवडा, झरी-जामणी या भागांतल्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असतं हे इथल्या कुणालाही माहीत आहे. कित्येक गावांत दातांवर त्याच्या खुणा दिसतात. गंमत अशी, की माणसाला बाधणाऱ्या या फ्लोराइडचं प्रवाळाला फारसं वावडं नाही. समुद्राच्या पाण्यातच लिटरला सुमारे १.३ मिलिग्रॅम फ्लोराइड असतं. टँकला बोअरचं पाणी चालत नाही ते वेगळ्या कारणांनी : शेतातल्या खतांतून झिरपलेलं नायट्रेट, काळ्या बेसाल्टमधून येणारी सिलिका, आणि दर महिन्याला बदलणारा जडपणा. अशा पाण्यात मीठ मिसळलं तर आपण नेमकं काय बनवलं ते कळत नाही.

त्यामुळे आरओचं पाणी लागतं, आणि इथे घरातला पिण्याचा आरओ फसवतो. त्यातल्या बऱ्याच यंत्रांत चव राखण्यासाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळतात, खनिजांचं काडतूस असतं, आणि हल्ली तर तांबं मिसळणारे फिल्टर आवडीने घेतले जातात. तांबं माणसाला चालेल. प्रवाळ, कोळंबी, गोगलगायी यांना ते विष आहे. टँकचं पाणी आरओच्या पडद्यानंतर थेट घ्यावं, पुढे डीआयनाइझिंग रेझिनचं काडतूस लावावं आणि टीडीएस मीटरवर शून्य दिसल्याशिवाय वापरू नये. एक लिटर शुद्ध पाण्यामागे तीन-चार लिटर नालीत जातं. २०१८ च्या उन्हाळ्यात ज्या शहराने निळोणा आणि चापडोह धरणांचे तळ पाहिले, त्या शहरात हे पाणी फरशी पुसायला, कुंड्यांना वापरणं ही किमान लाज आहे. ज्याला तेवढंही पाणी परवडत नाही त्याने हा छंद करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

चुन्याचा विषय इथे काढायलाच हवा, कारण यवतमाळकडे तो आहे. वणी, राजूर, मुकुटबनच्या बाजूचा चुनखडक सुमारे अब्जभर वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी साचला. आजच्या कठीण प्रवाळांचे पूर्वज जगात आले ते सुमारे चोवीस कोटी वर्षांपूर्वी, तेव्हा वणीचा समुद्र प्रवाळांपेक्षा कितीतरी जुना. कठीण प्रवाळ आपला सांगाडा बांधतो तो कॅल्शियम कार्बोनेटचाच, आणि त्याला ते पुरवण्याची जगभरची जुनी, स्वस्त रीत म्हणजे चुन्याची निवळी. पाण्यात चुना विरघळवून, गाळ खाली बसू देऊन वरचं नितळ पाणी रात्री थेंबथेंब सोडायचं. लिटरभर संपृक्त निवळीने शंभर लिटर पाण्याची अल्कलिनिटी साधारण एका अंशाने वाढते. तिचा सामू मात्र १२ च्या वर असतो, म्हणून ती एकदम ओतली तर टँक मारते. आणि राजूरच्या भट्टीतला किंवा पानाच्या डबीतला चुना यासाठी चालत नाही. त्यातलं लोह, सिलिका, इतर धातू आपल्याला मोजता येत नाहीत. प्रयोगशाळेच्या दर्जाचं कॅल्शियम हायड्रॉक्साइड लागतं. आता खरं सांगायचं तर, भारतातल्या घरगुती टँकमध्ये कायद्याने ज्यांना स्थान आहे ते मऊ प्रवाळ कठीण सांगाडा बांधतच नाहीत. त्यांना निवळीची गरज जवळजवळ नाही. आठवड्याला दहा टक्के पाणी बदललं की भागतं.

मऊ प्रवाळांची दुखणीही वेगळी दिसतात. लेदर कोरल कधीकधी आठवडाभर मिटून बसतो, अंगावर मेणासारखा पापुद्रा येतो. नवखा माणूस इथे हमखास घाबरतो, पण हा आजार नाही. तो कात टाकतोय. थोडा जोरदार प्रवाह मिळाला की पापुद्रा उडून जातो आणि खालून ताजा प्रवाळ उघडतो. झोअँथस उघडत नसेल तर रात्री टॉर्च घेऊन त्याच्या बुंध्याशी पाहावं : त्याला कुरतडणाऱ्या बारीक समुद्री गोगलगायी त्याच रंगाच्या होऊन तिथे दडलेल्या असतात. मश्रूम कोरल आक्रसला तर बहुधा उजेड जास्त झालेला असतो. झेनियाची उघडझाप थांबली की पाण्याची चाचणी त्याच दिवशी करावी. आणि सगळेच एकदम नाराज दिसले तर एकमेकांवर रासायनिक हल्ला चालू आहे का ते पाहावं. लेदर कोरल शेजाऱ्याला वाढू न देणारी द्रव्यं पाण्यात सोडतो. सक्रिय कोळशाची पिशवी बदलली की यावर बऱ्यापैकी उतारा पडतो. घरात डासांची कॉइल, कीटकनाशकाचा फवारा, सॅनिटायझर लावलेला हात, शेतात फवारणी करून आलेले कपडे, यांचाही संशय घ्यावा. हवेचा पंप खोलीतली हवा सरळ पाण्यात ढकलत असतो.

खरोखर कुजायला लागलेला भाग ओळखू येतो : तपकिरी किंवा काळा, बुळबुळीत, वास येणारा. इथे मात्र थांबून चालत नाही. प्रवाळ त्याच टँकच्या पाण्यासकट वेगळ्या भांड्यात घ्यायचा, धारदार पात्याने कुजलेला भाग थोड्या निरोगी कडेसह कापून टाकायचा, आयोडीनच्या सौम्य द्रावणात पाच-दहा मिनिटं बुडवायचा, स्वच्छ खाऱ्या पाण्यात विसळून मध्यम प्रवाहाच्या, कमी उजेडाच्या जागी ठेवायचा. बुडवण्याचं पाणी टँकमध्ये परत ओतायचं नाही. लेदर कोरलच्या नखाएवढ्या तुकड्यापासूनही नवा प्रवाळ उभा राहतो. म्हणून पूर्ण वसाहत वाचेल असं वाटत नसेल तर चांगला तुकडा आधीच वेगळा काढावा.

पांढऱ्या पडलेल्या प्रवाळासाठी उजेड निम्म्यावर आणायचा आणि काही आठवड्यांत हळूहळू वाढवायचा. आणि खाऊ घालायचं. अँड्रिया ग्रोटोली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये हवाईतल्या प्रवाळांवर दाखवलं, की पांढरा पडल्यावर एका जातीने प्लवक खाण्याचं प्रमाण कित्येक पटींनी वाढवलं आणि त्यावर आपली ऊर्जेची गरज भागवली. शेजारच्या दोन जातींना ते जमलं नाही. घरी रात्री, शुंडकं बाहेर आल्यावर, अगदी बारीक अन्न आठवड्यातून दोन-तीनदा पुरे. जास्त टाकलेलं कुजतं आणि पुन्हा पाणी बिघडतं.

झोअँथस आणि त्याच्या भाऊबंदांबद्दल एक इशारा. यांतल्या काही जातींत पॅलिटॉक्सिन असतं. १९७१ मध्ये हवाईत वेगळं केलेलं हे द्रव्य निसर्गातल्या अतिशय जहाल विषांत गणलं जातं. कापताना हातमोजे आणि चष्मा हवाच. हे प्रवाळ चिकटलेला खडक उकळत्या पाण्यात टाकून साफ करू नये. त्या वाफेने सबंध कुटुंबं दवाखान्यात गेल्याच्या नोंदी परदेशात आहेत.

प्रतिजैविकांचं काय, असा प्रश्न येतोच. फ्लोरिडात २०१४ पासून कठीण प्रवाळांची ऊती झडवणारा एक रोग पसरला आहे. तिथे पाणबुडे रोगाच्या कडेवर अमॉक्सिसिलिन मिसळलेला लेप बोटाने लावतात आणि पुष्कळ वसाहती त्याने तगल्या. पण तो लेप त्या एका जखमेपुरता असतो. घरच्या टँकमध्ये कॅप्सूल फोडून टाकली तर टँक चालवणारे चांगले जिवाणूच आधी मरतात, अमोनिया चढतो आणि उरलेलेही जातात. त्याच फ्लोरिडातून रोगाच्या तडाख्यातले प्रवाळ काढून समुद्रापासून लांबच्या मत्स्यालयांत ठेवले गेले, आणि २०१९ मध्ये टँकमध्ये जपलेल्या खांबासारख्या प्रवाळांनी टॅम्पाजवळच्या फ्लोरिडा मत्स्यालयाच्या केंद्रात अंडीही दिली. समुद्राबाहेर प्रवाळ नीट सांभाळता येतो, याचा याहून चांगला पुरावा नको.

नवा प्रवाळ मागवायचा तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान. नागपूरहून बसच्या डिकीत दीडशे किलोमीटर येणारं पार्सल मे महिन्यात शिजूनच उतरतं, आणि मग आजारपण टँकचं नसतं, प्रवासाचं असतं. आल्यावर महिनाभर वेगळ्या छोट्या टँकमध्ये ठेवलं तर किडी मुख्य टँकपर्यंत पोचत नाहीत.

आता कायदा. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून सगळे कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि समुद्री पंखे आहेत. म्हणजे वाघाच्याच रांगेत. समुद्रातून काढलेला जिवंत तुकडा असो की शोकेसमधला वाळका पांढरा, बाळगणं आणि विकणं गुन्हा आहे आणि शिक्षा तीन ते सात वर्षं कैदेची. २०२२ च्या दुरुस्तीनंतर वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या याद्यांतल्या जिवंत प्राण्यांची ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणीही करावी लागते. तेव्हा दुकानदाराकडे प्रवाळाचं शास्त्रीय नाव, तो कुठून आला त्याचा कागद आणि पक्कं बिल मागा. तो टाळाटाळ करत असेल तर कितीही सुंदर असला तरी तो तुकडा घेऊ नका, आणि शंका असेल तर घेण्याआधी जिल्ह्याच्या वनविभागात विचारा.